प्रकल्प नोंदी: पंक्चरचा व्हिडिओ आणि मागचे डबे

सोमवार, ३ जून

काम असं: सायकलचं पंक्चर घरच्या घरी कसं काढायचं, याचा चारेक मिनिटांचा व्हिडिओ. शूटिंग काल उरकलं. फोनवर ४१ क्लिपा, मिळून एक तास सात मिनिटं. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय. हात माझे, सायकल माझी, बडबडही माझीच, त्यामुळे काही बिघडलं तर दुसऱ्या कुणावर खापर फोडायची सोय नाही.

सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह, फुकट मिळणारी आवृत्ती. ताई माहितीपटांचं एडिटिंग करते. ती वेगळं सॉफ्टवेअर वापरते, पण म्हणाली, "टाइमलाइन सगळीकडे टाइमलाइनच असते. बटणांची नावं बदलतात, डोकेदुखी तीच." टाइमलाइन म्हणजे पडद्याच्या खालची पट्टी, जिच्यावर क्लिपा एकामागे एक लावायच्या.

आज कापाकापी नाही, नुसती आवराआवर. क्लिपा बिनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कप्प्यांत, लावल्या: चाक काढणं, ट्यूब, पाणी, घासणं, पॅच, हवा. हा 'बिन' शब्द फिल्मच्या काळातला. कापलेल्या पट्ट्या पिनांना टांगून खाली कापडी अस्तराच्या पिंपात सोडत, त्या पिंपाचं हे नाव. पट्ट्या गेल्या, पिंप राहिलं.

पहिली क्लिप खाली ओढली आणि पहिलाच गोंधळ. घड्याळ, म्हणजे टाइमकोड (तास, मिनिटं, सेकंद, फ्रेम; फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र), ०१:००:००:०० दाखवत होतं. आपण चुकून तासभर रिकामी जागा सोडली की काय, म्हणून दहा मिनिटं डावीकडे काही सापडतंय का बघत बसलो. ताईला फोटो पाठवला, तर नुसते हसणारे चेहरे आले. मग कळलं ते असं: टेपवर कार्यक्रमाची पहिली फ्रेम एक तासाच्या आकड्यावर धरायचा रिवाज होता, कारण त्याच्या आधी रंगपट्ट्या, टोन आणि उलटी मोजणी यांना जागा लागे, आणि शून्याच्या मागे टाइमकोड जात नाही. माझ्याकडे टेप नाही, पण तास आहे.

मंगळवार, ४ जून

ब्लेड हातात आलं. बी दाबलं की कर्सरचं पातं होतं, ए दाबलं की परत बाण. अर्ध्या तासात पहिल्या क्लिपचे तेवीस तुकडे केले. छान वाटत होतं, वांगी चिरताना वाटतं तसं.

मग नको ते तुकडे काढायला घेतले आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. बॅकस्पेस दाबलं तर तुकडा गेला आणि त्याच्या जागी भोक राहिलं. डिलीट दाबलं तर तुकडा गेला आणि मागचं सगळं पुढे सरकून भोक बुजलं. शेजारशेजारची दोन बटणं, दोन्हींचा अर्थ 'काढून टाक', आणि परिणाम पूर्ण वेगळा.

मी स्वतःला असं समजावलं. टाइमलाइन म्हणजे मालगाडी. मधला डबा काढायचा तर दोन रीती. एक, डबा उचलला आणि जागा तशीच रिकामी ठेवली, मागचे डबे आहेत तिथेच उभे. दुसरी, डबा काढला आणि मागची अख्खी गाडी पुढे आणून जोडली. पहिलीला 'लिफ्ट' म्हणतात, दुसरीला 'रिपल'. कापणं हे काम नाहीच, ते कुणालाही येतं. दर वेळी विचारायचा प्रश्न एकच: मागचे डबे कुठे जातात?

कापलं तरी मूळ फाइलला काहीच होत नाही, हेही आज अंगवळणी पडलं. टाइमलाइनवरचा तुकडा म्हणजे नुसती चिठ्ठी: अमुक फाइल, इथून इथपर्यंत दाखव. कड धरून ओढली की कापलेलं परत बाहेर येतं. फिल्मच्या एडिटरांनाही मूळ निगेटिव्हला हात लावायची मुभा नसे. ते वेगळ्या प्रिंटवर काम करत आणि कडेच्या आकड्यांवरून शेवटी निगेटिव्ह कापली जाई. म्हणजे चिठ्ठीची कल्पना जुनीच.

बुधवार, ५ जून

वाईट दिवस.

पंप मारतानाचा शॉट लावला आणि हात झटके देत खाली-वर होताना दिसला. फोनवर तोच शॉट लोण्यासारखा. अर्धा तास ग्राफिक्स कार्डाला शिव्या दिल्या. दोष माझाच निघाला. सोमवारी पहिली क्लिप टाकताना सॉफ्टवेअरने विचारलं होतं की हिचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) प्रोजेक्टपेक्षा वेगळा आहे, बदलू का? मी न वाचताच 'नको' म्हणून मोकळा. प्रोजेक्ट २४ चा, क्लिपा ३० च्या. सेकंदाच्या ३० फ्रेम २४ जागांत बसवायच्या म्हणजे दर पाचातली एक गळणार. स्थिर शॉटमध्ये कुणाला कळतही नाही. पण पंपाचा दांडा सारख्या वेगाने खाली येतो, आणि दर सेकंदाला सहा ठिकाणी तो उडी मारतो.

टाइमलाइनवर काम सुरू झालं की तिचा रेट बदलत नाही, वेगळ्या रेटची नवी टाइमलाइन करावी लागते. माझं काम असून असून किती, दोन मिनिटांचं. नवा प्रोजेक्ट, ३०, पुन्हा श्रीगणेशा. ती खिडकी आली तेव्हा या वेळी दोनदा वाचली.

गुरुवार, ६ जून

काही नाही. दमलो होतो.

शुक्रवार, ७ जून

आज आवाज जोडला. शूटिंगच्या वेळी प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवली होती. ती माझी एकमेव दूरदृष्टी. फोनच्या आवाजात टाळीचा सुळका दिसतो, रेकॉर्डरच्या आवाजातही दिसतो, सुळक्यावर सुळका ठेवला की झालं. सॉफ्टवेअर हे वेव्हफॉर्म (आवाजाच्या लाटेचं चित्र) बघून आपोआपही जुळवतं. दोन क्लिपा हाताने जुळवल्या, बाकीच्या त्याच्यावर सोडल्या.

सगळ्यात लांब क्लिप अकरा मिनिटांची. सुरुवातीला टाळी चपखल. शेवटाकडे गेलो तर ओठ आधी हलतात, शब्द नंतर. मोजलं: सहा फ्रेम. तीसच्या हिशेबाने एक फ्रेम म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंद, सहा म्हणजे २००. एवढं कुणाच्याही डोळ्यांना खुपतं.

मग मीडियाइन्फोत, म्हणजे फाइलची कुंडली दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडली. फ्रेम रेटच्या रकान्यात 'व्हेरिएबल'. फोन दर सेकंदाला मोजून तीस फ्रेम देतच नाही. उजेड कमी पडला की एकेका फ्रेमला जास्त वेळ देतो आणि संख्या घटते. टाइमलाइन मात्र एका ठेक्यावर चालते. गाणारा लय सोडून गातोय आणि तबलजी ठेका सोडायला तयार नाही, अशी अवस्था. सुरुवातीला कळत नाही, समेवर भांडं फुटतं.

उपाय कंटाळवाणा पण सरळ: सगळ्या क्लिपा हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून 'कॉन्स्टंट' ३० वर बदलून घ्यायच्या. ४१ क्लिपांची रांग लावून झोपायला जातोय.

(शनिवारी सकाळी: झालं. सहा फ्रेमचा फरक एकावर आला. तो एकही गेला नाही, आणि जाणारही नाही. फोन आणि रेकॉर्डर ही दोन वेगळी घड्याळं आहेत. तो कुणाला दिसत नाही. पुन्हा श्रीगणेशा, तिसऱ्यांदा.)

रविवार, ९ जून

दिवसभर बसलो. रफ कट (पहिली कच्ची जोडणी) पुरा: ९ मिनिटं १० सेकंद. हवा आहे चारचा, असो.

एक सवय लागली. क्लिप थेट खाली ओढायची नाही. वरच्या सोर्स खिडकीत बघायची, जिथून हवी तिथे आय, जिथपर्यंत हवी तिथे ओ, आणि मगच खाली. खाली प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती उभी रेघ) जिथे उभा आहे तिथे ती पडते. दोन खुणा वर, एक खाली, चौथी सॉफ्टवेअर स्वतः काढतं. जे-के-एल वर बोटं बसली की माऊस आठवतही नाही: एल पुढे, जे मागे, के थांब, के दाबून एल म्हणजे सावकाश. मागे चालवताना आधी चित्र अडखळायचं. एच.२६४ मध्ये (व्हिडिओ आवळून ठेवायची ही पद्धत) बहुतेक फ्रेम पूर्ण नसतातच, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. उलटं जायचं तर दर वेळी आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथून हिशेब मांडावा लागतो. प्रॉक्सी बनवल्या, हलक्या फाइली, आणि अडखळणं थांबलं. हे सोमवारीच करायला हवं होतं.

खाली टाकायच्या रीतींवर सगळी सकाळ गेली. एफ९ म्हणजे इन्सर्ट: नवा डबा मधे घुसतो, मागची गाडी तेवढी मागे जाते. एफ१० म्हणजे ओव्हरराइट: नवा डबा जुन्याच्या उरावर बसतो, मागे कुणाला पत्ताही नाही. एफ१२ वरच्या ट्रॅकवर, म्हणजे वरच्या थरात, ठेवतो, खालचं खाली शाबूत. तिन्हींचा प्रश्न तोच जुना.

फक्त आता गाड्या एकाहून जास्त आहेत. चित्र, बोलणं, मागचं संगीत. सुरुवातीच्या निवेदनातून चार सेकंदांचा 'अं... म्हणजे' रिपलने काढला. बोलणं आणि चित्र बरोबर सरकलं. संगीत मात्र मधोमध चिरून त्यातूनही चार सेकंद गेले, आणि ताल असा तुटला की पायरी चुकल्यासारखं झालं. ट्रॅकच्या डोक्यावर ऑटो सिलेक्टरचं बारीक बटण असतं. ते चालू असलेले ट्रॅकच अशा सरकवासरकवीत भाग घेतात. संगीताचं बंद केलं. आता चित्र सरकतं, संगीत जागचं हलत नाही.

हे बटण पुन्हा चालू करायचं विसरलं की उलटा घोटाळा होतो. तोही आज दोनदा करून झाला.

मंगळवार, ११ जून

रफ कट ताईला दाखवला. तिने कानात हेडफोन घातले, डोळे मिटले आणि अख्खा व्हिडिओ नुसता ऐकला. मग म्हणाली, "अरे, तू प्रत्येक ठिकाणी चित्र आणि आवाज एकाच जागी कापतोस. दार उघडलं, दार लागलं, दार उघडलं, दार लागलं. माणूस दमतो की!"

मग शेजारी बसून तिने एकच कट बदलला. मी बोलतोय, "आता हवा भरायची," आणि पुढचा शॉट पंपाचा. तिने आवाज आणि चित्र यांची जोडी सोडवली, फक्त चित्राचा कट धरला आणि बारा फ्रेम उजवीकडे नेला. आता पडद्यावर मीच आहे, पण पंपाचा पहिला 'फुस्स' ऐकू येतो, आणि त्यानंतर पंप दिसतो. बारा फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदालाही कमी. पण आधी पंप मला दाखवला जात होता. आता 'फुस्स' ऐकल्यावर मीच त्याच्याकडे बघायला वळलो.

याला जे-कट म्हणतात. टाइमलाइनवर खालचा आवाज चित्राच्या आधी डावीकडे बाहेर येतो, इंग्रजी जे अक्षराच्या शेपटीसारखा. उलटा प्रकार म्हणजे एल-कट: चित्र पुढच्या शॉटवर गेलं, तरी आधीचा आवाज खालून पाय पसरून चालूच.

ती उठताना म्हणाली, "कट सरकव, क्लिप सरकवू नकोस." ती गेल्यावर हे विसरून मी एक क्लिप सरकवलीच. तिच्यावर लाल आकडा उमटला: इतक्या फ्रेम सिंकबाहेर, म्हणजे चित्र-आवाजाचा मेळ तुटलेला. कट सरकवताना फक्त कुंपण हलतं, दोन्हीकडची माणसं जागेवर असतात. क्लिप सरकवली की माणूसच उठून चालायला लागतो आणि त्याचा आवाज मागे राहतो.

बुधवार, १२ जून

आजचं सगळं काम तीन सेकंदांचं. संध्याकाळ त्यात गेली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, हा पंक्चरचा आत्मा. दोन शॉट आहेत: लांबून, मी टबावर वाकलोय. जवळून, पाण्याखालची ट्यूब. कॅमेरा एकच, म्हणून कृती दोनदा केलेली. रफ कटमध्ये हात खाली जातो, कट, आणि हात पुन्हा थोडा वर येऊन खाली जातो. उचकी लागल्यासारखं. मोजलं तर सात फ्रेम दोनदा दिसत होत्या.

टी दाबून ट्रिम मोडमध्ये गेलो. कर्सर नेमका कटवर आणला की रोल: डावीकडचं जेवढं वाढतं तेवढंच उजवीकडचं घटतं, एकूण लांबी तीच, मागचे डबे ढिम्म. कर्सर क्लिपच्या वरच्या भागात असला की स्लिप: डबा जागेवर, आतला माल फक्त पुढे-मागे. खालच्या नावाच्या पट्टीवर असला की स्लाइड: माल तोच, डबाच शेजाऱ्यांच्या मधे सरकतो. स्लाइड मला अजून एकदाही लागलेलं नाही.

मला हवा होता स्लिप. जवळच्या शॉटचा माल सात फ्रेम पुढे सरकवला, उचकी गेली.

मग बुडबुडा. फ्रेम-फ्रेमने गेलो. आधी पाणी नुसतं काळं, ट्यूबच्या कडेला दिव्याची एक रेघ. पुढच्या फ्रेमला ती रेघ जरा वाकते, बाकी काही नाही. त्यापुढच्या फ्रेमला कडेवर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. चौथ्या फ्रेमला ठिपका फुगतो, पाचव्याला सुटून वर निघतो, आणि त्याच्या जागी दुसरा.

कट कुठे? पहिल्यांदा ठेवला ठिपक्यावर. चुकलं. डोळा अजून आधीच्या शॉटमधल्या माझ्या चेहऱ्यावर असतो, आणि तो खाली उतरेपर्यंत पहिला बुडबुडा निघून गेलेला. मग मागे नेला, एक सेकंद. आता फार थांबावं लागतं, काही होणारच नाही असं वाटतं. शेवटी ठिपक्याच्या अकरा फ्रेम आधी ठेवला. डोळा पाण्यावर येतो, रेघ वाकते, आणि ठिपका आपल्यालाच सापडल्यासारखा होतो.

अकराच का? दहा आणि बारा लावून बघितले, म्हणून.

शुक्रवार, १४ जून

सोल्युशन लावल्यावर थोडा वेळ सुकू द्यावं लागतं. तो वेळ गेला हे दाखवायला दोन शॉटच्या मधे एक सेकंदाचा डिझॉल्व्ह टाकायला गेलो. सॉफ्टवेअर म्हणालं, जागा नाही, क्लिपा कापून जागा करू का? क्लिप तर भरपूर लांब दिसत होती.

डिझॉल्व्हमध्ये दोन्ही शॉट काही वेळ एकमेकांवर दिसतात. म्हणजे कटच्या पलीकडे पहिल्या शॉटचा अजून अर्धा सेकंद माल हवा, आणि अलीकडे दुसऱ्याचा. तीसच्या हिशेबाने पंधरा-पंधरा फ्रेम. याला 'हँडल' म्हणतात. मी पहिला शॉट शेवटच्या फ्रेमपर्यंत वापरला होता, कारण कॅमेरा तिथेच बंद केला होता. शिवणकामात कापड कापताना शिलाईसाठी कड सोडतात, ती सोडलीच नव्हती. शॉट वीस फ्रेम आखूड केला, काम झालं. पुढच्या शूटिंगसाठी: कृती संपली तरी पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवायचा.

लांबी ४:३२.

शनिवार, १५ जून

आईला दाखवलं. तिने सायकल कधी चालवलेली नाही, म्हणूनच दाखवलं. शेवटपर्यंत शांतपणे बघितलं आणि विचारलं, "पण ज्याने भोक पडलं तो काटा कुठे गेला?"

मी म्हणालो, "तो काढला की. आहे त्यात."

"नाही आहे."

खरंच नव्हता. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा शॉट, जो केला नाही तर नवा पॅच पुढच्या वळणावर फुटतो. शोधलं. रविवारी घासण्याचा क्लोजअप टाकताना एफ१२ ऐवजी एफ१० दाबलं होतं. क्लोजअप काट्याच्या शॉटवर नेमका बसला. लांबी बदलली नाही, मागचे डबे हलले नाहीत, म्हणून काही गेलंय हे कळलंच नाही. भोक पडलं असतं तर त्याच दिवशी दिसलं असतं. गेला आठवडाभर मी हा व्हिडिओ कितीतरी वेळा बघितलाय, आणि दर वेळी काटा मला दिसला, कारण तो माझ्या डोक्यात होता.

चिठ्ठी गेली होती, फाइल होतीच. संगीताचा ऑटो सिलेक्टर बंद आहे ना ते बघितलं, काट्याचा शॉट एफ९ ने मधे घुसवला. साडेसहा सेकंद. ४:३८. चारचा हट्ट सोडला.

रविवार, १६ जून

सकाळी आवाजाची साफसफाई. बोलण्याच्या काही कटांवर बारीक 'टिक' येत होती. लाट वर किंवा खाली असतानाच कापली की ती एकदम शून्यावर आपटते, तीच टिक. तिथे दोन-दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरतो, दुसरा चढतो) टाकला. तीसच्या रेटला आणि ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं) एका फ्रेममध्ये आवाजाचे १६०० नमुने असतात, त्यामुळे दोन फ्रेम पुरून उरतात.

दुपारी एक्सपोर्ट: १०८०पी, एच.२६४, ३०. मोठ्या पडद्यावर लावून मागे टेकून बघितलं. २:५१ च्या आसपास डोळ्यांसमोर काहीतरी फडफडलं. पुन्हा लावलं, पुन्हा फडफडलं. टाइमलाइन पूर्ण झूम करून बघितली: दोन क्लिपांच्या मधे एक फ्रेमचं भोक. एक काळी फ्रेम, ३३ मिलिसेकंद. कधीतरी बॅकस्पेस दाबलं असणार, डिलीटऐवजी.

'पुढच्या गॅपवर जा' असा मेनूच आहे. तो वापरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलो. अजून दोन सापडली, एक टायटलखाली, एक अगदी शेवटी. तिन्ही बुजवली, या वेळी रिपलने, आणि लगेच सिंकचे लाल आकडे उमटलेत का ते बघितलं. नाहीत.

दुसरा एक्सपोर्ट लावलाय. ६४ टक्के झालाय.